स्प्लेंडरला मोठा पिस्टन किट टाकावा का?

मित्रांनो जुनी स्प्लेंडर आहे माझी, ९७.२ सीसी, डबलसीट सप्तशृंगीचा घाट चढताना पार दमते. ५० मिमीचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५४ करून मोठा पिस्टन टाकावा म्हणतोय, नाशकात कुणी केलंय का?

— दादा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) तोच ४९.५ मिमी राहणार म्हणजे साधारण ११३ सीसी होईल, पण स्लीव्ह (सिलेंडरची आतली नळी) किती पातळ उरते ते आधी बघा. कॉम्प्रेशन वाढलं की घाटात नॉकिंग (इंजिनात ठकठक) सुरू होतं, कार्ब्युरेटरचा मेन जेटही (पेट्रोल सोडणारं भोक) मोठा लागेल नाहीतर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालून पिस्टन जॅम.

— अंबड नाहीतर सातपूरला चांगल्या लेथवाल्याकडे जा आणि पिस्टन हातात देऊनच बोअर, होनिंग (आतून बारीक घासणं) करून घे. पिस्टनची रिंग आधी सिलेंडरमध्ये पिस्टननेच सरळ ढकल, टोकांच्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाल, ०.२ मिमीच्या आसपास पाहिजे, कमी असली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि सिलेंडर ओरबाडून निघतो. एवढं साधं चेकिंग कुणी करत नाही याचा खरंच राग येतो.

— आरसीवरची सीसी बदलते राव, गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, विम्याचा क्लेमही अडकू शकतो. घाटापुरतंच हवंय तर मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन दात मोठं लावा, टॉप थोडा कमी होईल पण चढाला फरक जाणवेल.