मदत हवी आहे: जुन्या पीसीत पैसे घालू की नवाच घेऊ?

मंडळी, पार गोंधळलोय. पीसी २०१७ चा: कोअर आय५ ७४०० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, आणि अजून हार्ड डिस्कच. (हसू नका.)

जुने गेम झकास चालतात, पण नवे ओपन वर्ल्ड गेम १०८०पी लो सेटिंगवरही अडखळतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के, ग्राफिक्स कार्ड मात्र ६० च्या आसपास. म्हणजे कार्ड नाही, प्रोसेसरचे ४ कोर-४ थ्रेडच (एका वेळी चारच कामं) दमतायत ना? रॅमही काठोकाठ भरलेली असते.

एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान स्टोरेज) घ्यायचीच, ती उद्या नव्या पीसीतही लागेल. खरी अडचण पुढे आहे. मदरबोर्ड बी२५० चिपसेटचा. आठव्या पिढीचे प्रोसेसर सॉकेट ११५१ (प्रोसेसर बसवायची जागा) चेच असले तरी यावर चालत नाहीत. म्हणजे फार तर आय७ ७७००, तोही कुणाचा तरी वापरलेला. ८ थ्रेड मिळतील, पण विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत तोही नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

दुसरा विचार असा, की बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकदम बदलायचे, कार्ड सवडीने. पॉवर सप्लाय ४५० वॉटचा, पण तेव्हाचाच. त्याच्यावर भरवसा ठेवावा का?

कुणी ७४०० वरून ७७०० वर गेलंय का? अडखळणं खरंच थांबलं, की नुसता सरासरी एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा) आकडा वाढला?