वर्गाचा ब्लॉग काढला नाही म्हणजे इंग्रजीचा मास्तर आळशी?

खडूफळा
परवा शिक्षकांच्या एका ग्रुपवर लांबलचक पोस्ट फिरत होती. सार एवढंच की आजच्या काळात जो इंग्रजीचा शिक्षक पोरांकडून वहीत निबंध लिहून घेतो तो त्यांचं नुकसान करतोय, वर्गाचा ब्लॉग काढा, पॅडलेट नावाच्या ऑनलाइन फळ्यावर लिहू द्या, व्याकरण कहूट या ऑनलाइन क्विझवर घ्या, आणि जे करत नाहीत ते आळशी. खाली टाळ्याच टाळ्या. गप्प बसणार होतो पण 'आळशी' काही घशाखाली उतरेना.

तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. बारावीच्या पेपरात ब्लॉग आहेच की, चौथ्या प्रश्नात, रिव्ह्यू नाहीतर अपीलला पर्याय म्हणून, ४ मार्काला. पोरं पट्टीने चौकट आखतात, वर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू अमुकतमुक, मग होम, अबाउट, कॉन्टॅक्ट, आणि खाली गाईडातला पाठ केलेला परिच्छेद. जन्मात ब्लॉग न उघडलेलं पोरगं ४ पैकी ३ घेऊन जातं. म्हणून खरा ब्लॉग काढून बघितला. दोन-चार जणींनी स्वतःचं लिहिलं, बाकी सगळ्यांची सुरुवात 'इन टुडेज फास्ट पेस्ड वर्ल्ड'. वर्गात 'आय डिड नॉट वेन्ट' म्हणणाऱ्याच्या ब्लॉगात 'नेव्हरदलेस'! चॅटजीपीटीचं इंग्रजी मी तपासत बसू? वहीत निदान चूक पोराची स्वतःची असते, तिला लाल गोल करता येतो, पुढच्या आठवड्यात तीच दिसली तर पोराला उभं करता येतं.

बालाघाटच्या_बाई
सर, त्या पोस्टचा सूर मलाही खटकला. पण तुमचं अर्धं दुखणं बोर्डाच्या पेपराचं आहे आणि राग ब्लॉगवर काढताय.

मी झेडपीला, सहावी-सातवी. ब्लॉगरवरचा फुकटातला ब्लॉग, खातं माझं. पोरं आधी वहीतच लिहितात, मी बघते, ती परत लिहितात, मग आठवड्याला एक लेख पोरंच निवडतात आणि मधल्या सुट्टीत माझ्या मोबाईलवर टाईप करतात. दिवाळीनंतर अर्ध्या वर्गाचे आईबाप ऊसतोडीला जातात, काही पार कर्नाटकात. एका पोरीने घरची बकरी व्याली त्यावर पाच ओळी लिहिल्या. बापाने फडावर मुकादमाच्या पोराकडून वाचून घेतल्या आणि मला व्हॉइस मेसेज टाकला, "बाई, पोरीनं एकच करडू लिवलंय, म्हातारी तर फोनवर दोन म्हणली." पोरगी 'वन'चं 'टू' करायला बसली आणि मला विचारते, बाई आता 'इज' चालंल का 'आर' पायजे? मी फळ्यावर इज-आर किती वेळा घेतलं असेल, तिने आपणहून कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, कारण वाचणारा माणूस मार्क देणारा नव्हता.

कट्टा_क्रमांक_९
बाई, छान आहे, पण एका बकरीवर राज्याचं शैक्षणिक धोरण ठरत नाही 😄 २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आपल्याकडे. तेव्हा म्हणाले लवकर सुरू करा म्हणजे येईल. मग ई-लर्निंगचे संच आले, ते कपाटात गेले. मग पुस्तकांवर क्यूआर कोड, मग सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप, आता ब्लॉग. दर वेळी नवं खेळणं, आणि पोराला एसटी स्टँडवर एखाद्याने इंग्रजीत पत्ता विचारला तर पोरगं पळतं.

बालाघाटच्या_बाई
क्यूआर कोडला खेळणं म्हणू नका. तो परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी आधी स्वतःच्या वर्गासाठी केला, पुस्तकांवर नंतर आला. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ उगाच नाही मिळालं. आणि क्यूआरने पोरगं ऐकतं-बघतं, मी बोलतेय लिहिण्याबद्दल. दोन्ही एका पोत्यात भरू नका.

प्रभारी_मुख्याध्यापक
तुम्हा लोकांना ऑनलाइनची हौस उरलीय याचाच हेवा वाटला. आमची द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग. आमचं ऑनलाइन म्हणजे शाळेची माहिती भरायचं यू-डायस प्लस पोर्टल, प्रत्येक पोराचा अपार आयडी म्हणजे विद्यार्थी ओळख क्रमांक, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि वरून येणारी गुगल शीट, 'तात्काळ, दुपारी १२ पर्यंत', येते साडेअकराला. एका पोराचं आधारवर नाव वेगळं, जनरल रजिस्टरला वेगळं, म्हणून अपार निघेना. बापाला आधार केंद्रावर पाठवलं तर तिथला म्हणतो शाळेचा दाखला आणा, दाखल्यावर रजिस्टरचंच नाव, म्हणजे फिरून तिथंच. इंग्रजीचा तास या गडबडीत कधी गेला कळलं नाही. ब्लॉग कसला काढताय.

रेंज_नाही
+१. आमच्याकडे रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. पहिल्या आठवड्यात पोरांना वाटलं सर देवदर्शनाला जातात.

प्रभारी_मुख्याध्यापक
आणि एवढं भरून पोर्टल म्हणणार 'सेशन एक्स्पायर्ड'. परत पहिल्यापासून.

रेंज_नाही
तीच माहिती पुढच्या महिन्यात वेगळ्या रकान्यांत मागतात ते राहिलं. आणि नंतर हार्ड कॉपी, दोन प्रतींत.

खडूफळा
मंडळी, विषय इंग्रजीच्या तासाचा होता.

प्रभारी_मुख्याध्यापक
सर, तास व्हायला मास्तर वर्गात लागतो, तेच सांगतोय. तुमच्याकडे कारकून आहे, आमच्याकडे कारकूनही आम्हीच, म्हणून तुम्हाला हे विषयांतर वाटतं.

माजी_तंत्रस्नेही
ब्लॉगचं नाव काढलंत म्हणून. २०१५ ला सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, मग तंत्रस्नेही म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईल वापरणाऱ्या शिक्षकांची शिबिरं, आणि बघताबघता प्रत्येक मास्तरचा ब्लॉग. माझाही होता. वर सरकणारी 'सुस्वागतम'ची पट्टी, उडणारी फुलपाखरं, किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा, खाली जीआरच्या पीडीएफ. शेकडो ब्लॉग बघितले असतील, पोराने स्वतः लिहिलेलं वाक्य शोधून सापडायचं नाही. ब्लॉग मास्तरांचे होते, मिरवायला. बाईंचा प्रकार वेगळा दिसतोय एवढं मान्य, पण सर्क्युलर काढून तो सगळ्यांवर लादला की परत फुलपाखरं उडणार हे लिहून देतो.

दोन_पोरांची_आई
पालक म्हणून बोलू का? 'मिसने ब्लॉगवर लिहायला सांगितलंय' हे सांगून आमचा आठवीतला फोन घेऊन खोलीत जातो. दोन तासांनी इंग्रजीच्या चार ओळी आणि रील्स किती ते देव जाणे. लॉकडाऊनमध्ये हातात आलेला फोन अजून सुटलेला नाही. शिवाय मुलांचं लिखाण, नावं नेटवर टाकायची कुणाच्या परवानगीने? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं मूल धरून पालकांची संमती म्हटलंय. आमच्या शाळेने विचारलंसुद्धा नाही.

बालाघाटच्या_बाई
ताई, हा मुद्दा अगदी बरोबर. मी कागदावर सही नाहीतर अंगठा घेते, नावाचं पहिलं अक्षर टाकते, फोटो नाही, कमेंट मी पास केल्याशिवाय दिसत नाही. आणि घरी काहीच देत नाही, टायपिंग शाळेतच.

खडूफळा
तुमच्या वर्गात पोरं किती? वीस-बावीस? माझ्या एका तुकडीत ८० च्या वर, अशा तीन तुकड्या. त्यांचं दोनदा तपासून मग टाईप करून घ्यायचं म्हणजे मी घरी जायचंच नाही.

बालाघाटच्या_बाई
पटसंख्येचा टोमणा नको सर. तुम्ही एक विषय शिकवता, मी चार, वर खिचडी चाखून चव रजिस्टरला लिहिते. जमत नाही म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण 'ब्लॉगने इंग्रजी बिघडतं' हे कुठून काढलंत? चॅटजीपीटी यायच्या आधी तुमची पोरं गाईडातून उतरवत होती, तेही वहीतच आणि निळ्या शाईत. तेव्हा ती चूक 'पोराची स्वतःची' होती का?

कट्टा_क्रमांक_९
हे लागलं 😄

खडूफळा
लागलं, हसू नका. बरं, गाईडाचं मान्य. तुमची बकरीही मान्य, कारण ती आधी वहीत व्याली. म्हणजे वहीशिवाय तुमचाही ब्लॉग चालत नाही, आणि मी पहिल्यापासून वहीच म्हणतोय, तेव्हा जिंकलं कोण ते तुम्हीच ठरवा. तीनपैकी एका तुकडीत करून बघेन, विषय गावातलाच देईन, म्हणजे मशीनला माहीत नसलेला, आमच्या आठवडी बाजारातल्या भांडणांसारखा. बाकी दोन तुकड्या चौकटच आखतील, कारण फेब्रुवारीत पेपर आहे आणि ४ मार्क कुणी सोडत नाही.

बालाघाटच्या_बाई
एक तर एक. फक्त पहिले लेख टाकले की कमेंट बंद ठेवू नका, आणि वाचणारे आधी गोळा करा, मुंबई-पुण्याला गेलेली तुमची जुनी पोरं चालतील. कुणी वाचत नसेल तर पोरं तिसऱ्या आठवड्यात 'नेव्हरदलेस'वर येतात.

रेंज_नाही
अपारवाल्या सरांना विचारायचं होतं, त्या पोराचं नाव शेवटी कुठलं धरलं, आधारचं का रजिस्टरचं? माझ्याकडे अशी तीन आहेत.