बी विंगच्या बॅटऱ्या आणि कृष्णाची पाठ

अनघा जोशी (ए-२०२), सकाळी ७.५२
मंगळवारी रात्री आपल्या गेटवरून कृष्णाला, आपल्या वॉचमन महादेवमामांच्या भाच्याला, कोणते पोलीस घेऊन गेले आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे मला याच ग्रुपवर कळायला हवं आहे. आज तो माझी गाडी पुसत होता. फडकं डाव्या हातानेच पिळत होता, उजवा खांदा वर जातच नव्हता. विचारलं तर म्हणे जिन्यात पडलो. टी-शर्ट पाठीला चिकटला होता, मी आणि सासूबाईंनी कोमट पाण्याने भिजवून सोडवला. खांद्यापासून कमरेपर्यंत चार वळ आहेत. प्रत्येक वळ मधे पांढरट आणि दोन्ही कडांना काळानिळा. जिन्यात पडून असे वळ उठत नाहीत.

सुनीता कदम (सी-२०१), ७.५४
🌸 शुभ सकाळ 🌸 आज गुरुवार, पाणी बंद. बादल्या भरून ठेवा. टँकर सांगितला आहे.

बापट आजोबा (ए-१०१), ७.५८
सर्वांना नमस्कार. कॅमेरा क्र. ४ (बी विंग, दुचाकी पार्किंग) गणपतीपासून बंद आहे. यापूर्वी ४ वेळा लिहिले आहे. कृपया लक्ष द्यावे.

विक्रम घाटगे (बी-२०३), ८.०५
अनघाताई, वाचून वाईट वाटलं. पण तीन आठवड्यांत तीन स्कूटरच्या बॅटऱ्या गेल्या आहेत. त्यातली एक माझी. मुलीचा पेपर होता त्या दिवशी, स्कूटर चालू होईना, रिक्षा मिळेना. चौकशीच करायची नाही का कोणाची?

अनघा जोशी, ८.०६
चौकशी करा ना. पट्ट्याने नाही.

राजेश शिंदे, सेक्रेटरी (बी-५०१), ८.२०
कमिटीने फक्त अर्ज दिला होता. त्यात कोणाचंही नाव नव्हतं. बीट मार्शल आले, पार्किंगमध्ये कोणाकोणाचं येणं-जाणं असतं असं विचारलं, ते सांगितलं. पुढचं त्यांचं काम. हा विषय ग्रुपवर नको, शनिवारी मीटिंगमध्ये बोलू.

अनघा जोशी, ८.२१
कोणाकोणाची नावं सांगितलीत?

राजेश शिंदे, ८.३३
पेपरवाला, दूधवाला, कृष्णा.

अनघा जोशी, ८.३४
आणि ८६ फ्लॅटमधली माणसं? त्यांचं येणं-जाणं नसतं पार्किंगमध्ये?

साळुंखे काका (सी-१०३), ८.४७
मी ३४ वर्षं खात्यात काढली आहेत, म्हणून लिहितो. एका बाजूचं ऐकून पोलिसांवर तुटून पडणं बरोबर नाही. विसर्जनाला आम्ही २८-३० तास पायावर उभे असायचो, घरचा गणपती शेजाऱ्यांनी बुडवला. १२ तासांची ड्युटी, कधी वर ४ तास. तुकाराम ओंबळे आमच्यातलेच. कसाबच्या रायफलची नळी छातीशी धरून ठेवली, तेव्हा तो जिवंत सापडला. ते दिवस लोक लगेच विसरतात.

अनघा जोशी, ८.५५
काका, ओंबळ्यांचा विसर पडलेला नाही, पडणारही नाही. त्या रात्री त्यांच्या हातात लाठी होती आणि समोर एके-४७. इथे पट्टा त्यांच्या हातात होता आणि समोर १७ वर्षांचा मुलगा, बाकड्याला धरून उभा केलेला. दोन्हीला एकच वर्दी म्हणून मी एकाच मापाने कशी मोजू?

दिलीप पंडित (बी-४०२), ९.०१
बॅटरीवरून आठवलं, आमचा जुना इन्व्हर्टर द्यायचा आहे. बॅटरी एकदम चालू 😄

संदीप कदम (सी-२०१), ९.०२
चोरीची नाही ना पंडितसाहेब 😂😂

दिलीप पंडित, ९.०२
पावती आहे, पावती 😂

अनघा जोशी, ९.०४
त्या पोराची पाठ बघून या, मग हसा.

संदीप कदम, ९.०५
हा मेसेज हटवला गेला आहे

ॲड. नेहा पवार (सी-४०४), ९.३०
अनघाताई, आत्ता वाचलं. वय नक्की १७ ना? कशावरून?

अनघा जोशी, ९.३२
शाळेचा दाखला मामाकडे आहे. १८ पूर्ण व्हायला ५ महिने आहेत.

ॲड. नेहा पवार, ९.४४
मग फार गंभीर आहे. १८ च्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवताच येत नाही. बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला ताबडतोब बाल पोलीस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. अगदी मोठ्या माणसालाही धरलं तरी अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं लागतं. डी. के. बसू निकालाने हे १९९६ पासून ठरलेलं आहे. महादेवमामांना कळवलं होतं का?

अनघा जोशी, ९.५०
मामा त्या वेळी मागच्या गेटवर पंप बंद करत होते. परत आले तर खुर्ची रिकामी. त्यांना वाटलं पोरगं वडापाव आणायला गेलं.

बापट आजोबा, ९.५३
कॅमेरा क्र. ४ चालू असता तर बॅटरी कोणी नेली हे दिसले असते. मुलावर संशय घेण्याची वेळच आली नसती. कृपया लक्ष द्यावे.

राजेश शिंदे, ९.५५
आजोबा, कोटेशन आलंय. ३ लोकांचा मेंटेनन्स थकलाय म्हणून अडलंय. नावं लिहू का इथे?

दिलीप पंडित, ९.५६
लिहा की. टॉवर पार्किंगचे पैसे कुठे गेले तेही लिहा मग.

सुनीता कदम, ९.५७
टँकर ११ ला येतोय. गेटसमोर गाड्या लावू नका, गेल्या वेळी मागे घेताना कुंड्या फोडल्या.

अनिकेत सोनार (ए-४०३), १०.१२
१९ मे २०२४, कल्याणीनगर. पोर्शे चालवणारा तोही १७ वर्षांचाच होता. दोन इंजिनिअर जिवानिशी गेले आणि ह्याला काही तासांत जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध. ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलले गेले. आपला १७ वर्षांचा पोरगा तीन बॅटऱ्यांच्या नुसत्या संशयावरून पट्टे खातो.

राजेश शिंदे, १०.१३
राजकारण नको ग्रुपवर प्लीज 🙏

साळुंखे काका, १०.२१
त्या प्रकरणात येरवड्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, तेही लिहा. वरिष्ठांना वेळेत कळवलं नाही म्हणून. खातं पाठीशी घालतंच असं नाही.

अनिकेत सोनार, १०.२३
झाले काका, कारण सगळं पुणं खवळलं होतं. कृष्णासाठी कोण खवळणार? शनिवारची मीटिंग?

इम्रान शेख (बी-१०२), १०.४०
मी सहसा लिहीत नाही. माझ्या पासपोर्टच्या पडताळणीला आलेले गृहस्थ चहा पिऊन उठले आणि म्हणाले, खुशीने काय ते द्या. मी ५०० दिले. लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर मला पाठ आहे. तरी दिले, कारण पुढच्या वेळी भाडेकरूची नोंद करायला त्याच ठाण्यात जायचं असतं. त्या दिवसापासून माझी मुलगी विचारते, तुम्ही का दिले? तिला अजून उत्तर दिलेलं नाही. कृष्णासाठी अर्ज करणार असाल तर माझी सही घ्या.

विक्रम घाटगे, १०.५८
खरं सांगायचं तर मलाही चांगला अनुभव नाही. बॅटरीची तक्रार द्यायला गेलो तर म्हणाले, 'चोरी' लिहू नका, 'गहाळ' लिहा, लगेच शिक्का देतो. स्कूटरला नट-बोल्टने लावलेली बॅटरी गहाळ कशी होते? पण ऑफिसला उशीर होत होता, लिहून दिलं.

ॲड. नेहा पवार, ११.०३
विक्रमदादा, थांबा. म्हणजे चोरीचा गुन्हा दाखलच नाही?

विक्रम घाटगे, ११.०४
नाही. गहाळचा दाखला आहे माझ्याकडे.

ॲड. नेहा पवार, ११.०५
राजेशदादा, सोसायटीच्या अर्जावर एफआयआर झाली का?

राजेश शिंदे, ११.१९
पोच दिली आहे. नंबर नाही.

ॲड. नेहा पवार, ११.२२
कागदावर चोरी झालेलीच नाही. मग मुलाला नेलं कोणत्या गुन्ह्यात?

अनघा जोशी, ११.२३
हेच विचारायचं आहे मला. आकडे वाढू नयेत म्हणून चोरी 'गहाळ' करायची, आणि सोसायटी ओरडली की एखादा गरीब उचलून 'तपास चालू आहे' दाखवायचं. तुमची तक्रारही गेली आणि त्याची पाठही.

साळुंखे काका, ११.५०
(नेहाताईंसाठी) त्याला कुठे ठेवलं होतं? चौकीत की मोठ्या ठाण्यात?

अनघा जोशी, १२.०६
आत्ता खाली जाऊन विचारून आले. आधी चौकीत. तिथे मोबाईल काढून घेतला. मग मोटारसायकलवर मधे बसवून ठाण्यात. आत जाताना पाटी वाचली म्हणे त्याने, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. शाळेत संस्कृत होतं त्याला. मागच्या खोलीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, बॅटऱ्या कोणत्या भंगारवाल्याला विकल्या. पहाटे 'जा, आणि तोंड उघडलंस तर बघ' म्हणून सोडलं. चालत आला.

साळुंखे काका, १२.३१
मग ऐका. स्टेशन डायरीत नोंद नसेल तर त्यांच्या लेखी तो मुलगा ठाण्यात आलाच नाही. तुम्ही तक्रार केलीत की हेच पहिलं उत्तर येईल. चौकीत कॅमेरा असेलच असं नाही, पण ठाण्यात आहेत. तक्रारीच्या आधी, आजच, फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज द्या. तारीख, वेळ आणि मागची खोली, मुख्य दार, पॅसेज असं लिहून. पोच घेतल्याशिवाय निघू नका. मी हे इतकी वर्षं दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे.

ॲड. नेहा पवार, १२.३८
काका, मनापासून आभार. परमवीर सिंग सैनी निकाल, २ डिसेंबर २०२०. सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात दारं, लॉकअप, पॅसेज सगळीकडे कॅमेरे आणि १८ महिन्यांचं रेकॉर्डिंग, निदान वर्षभराचं तरी, सांगितलं आहे. आणि आपण तिथे मोबाईलवर शूटिंग केलं तर घाबरायचं नाही. पोलीस ठाणं हे गोपनीयता कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. पण त्याआधी सरकारी दवाखाना. वळ दोन-तीन दिवसांत फिकट होतात. डॉक्टरांना 'पोलिसांनी मारलं' असं स्पष्ट सांगून एमएलसी, म्हणजे मारहाणीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्यायची. तक्रार उपायुक्तांकडे, प्रत आयुक्तांना. तिथे काही झालं नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. २००६ च्या प्रकाश सिंग निकालामुळे ते आलं, आपल्याकडे कायदा २०१४ ला झाला.

दिलीप पंडित, १२.४५
हे सगळं ठीक. उद्या सोसायटीत खरंच दरोडा पडला तर हेच पोलीस लागणार आहेत. पंगा कशाला? मुलाला दवाखान्याचा खर्च देऊ, मी १००० देतो.

संदीप कदम, १२.४६
+१. माझे ५००. सकाळच्या मस्करीबद्दल सॉरी अनघाताई.

अनघा जोशी, १२.५२
पैसे द्या, त्याला लागतीलच. पण पंडितकाका, ज्यांच्याकडे जायची आपल्याला भीती वाटते ते दरोड्याच्या रात्री आपल्या कामाला येतील, हे तुम्हाला खरंच पटतं का?

बापट आजोबा, १.१०
मी १९७५ साली बँकेत लागलो. साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितले, तोंडी काही नाही, प्रत्येक गोष्टीची नोंद. तक्रार लेखी द्यावी. तसेच कॅमेरा क्र. ४ बद्दल.

अनघा जोशी, २.३५
एक अडचण आहे. महादेवमामा नको म्हणतात. हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. ते परभणीचे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे कोठडीत तरुणाचा जीव गेला, गुन्हा नोंदवा हे सांगायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे त्यांना सगळं ठाऊक आहे. म्हणाले, ताई, तुम्ही सह्या कराल आणि वर जाऊन दार लावाल. आम्ही दोघं रात्री गेटवर असतो.

अनघा जोशी, २.३६
मला यावर काही बोलता आलं नाही.

इम्रान शेख, २.४१
बरोबर बोलले ते.

ॲड. नेहा पवार, २.५०
त्यांच्या संमतीशिवाय त्यांच्या नावाने मी काही करणार नाही. पण मुलाला तपासायला नेऊ द्या म्हणावं. आणि सोसायटी स्वतःच्या नावाने लिहू शकते. अर्ज आपणच दिला होता ना? त्या अर्जाचं काय केलं, आमच्या आवारातून अल्पवयीन मुलाला कशाच्या आधारावर नेलं, हे विचारायचा हक्क आपला आहे. त्यात मामा कुठेच येत नाहीत.

अनिकेत सोनार, २.५८
आणि रात्री गेटवर आपल्यापैकी दोघं बसू, मामांच्या सोबत. महिनाभर. आज मी.

विक्रम घाटगे, ३.०४
उद्या मी. माझी बॅटरी गेली म्हणून त्याने मार खावा असं मी म्हटलं नव्हतं. ते 'गहाळ' पण बदलून 'चोरी' लिहायला लावतो आता.

ॲड. नेहा पवार, ३.१०
राजेशदादा, गेटचा कॅमेरा क्र. १ चालू आहे ना? डीव्हीआर किती दिवसांनी पुसला जातो?

बापट आजोबा, ३.११
१५ दिवस. क्र. १, २, ३ चालू. क्र. ४ बंद.

ॲड. नेहा पवार, ३.१२
ठाण्याचं फुटेज मिळेल तेव्हा मिळेल. आपलं आज आपल्या हातात आहे. राजेशदादा?

अनघा जोशी, ४.००
राजेशदादा, वाचून झालंय तुमचं, दोन निळ्या टिका दिसतायत.

सुनीता कदम, ४.०२
शिंदे वहिनींना फोन केला होता, ते ऑफिसातून निघालेत म्हणाल्या.

साळुंखे काका, ५.१५
मामांशी मी बोललो. गावाकडच्या भाषेत बोललो. पोराला दवाखान्यात न्यायला तयार झालेत. मी बरोबर जातो. अर्जावर माझं नाव टाकू नका, पेन्शनची माणसं आहोत. पण अर्ज द्यायला ठाण्यातही येतो. ठाणे अंमलदार पोच द्यायला टाळाटाळ करतो, ती मी करू देणार नाही.

राजेश शिंदे, ६.४८
सोसायटी ऑफिस उघडलं आहे. पेनड्राइव्ह आणा. डीव्हीआरचा पासवर्ड नेहाताईंना दिला. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जाईल, सही माझी. पार्किंगमधल्या माणसांची नावं सेक्रेटरीने तोंडी सांगितली होती, त्यात कृष्णाचंही होतं, हे पण लिहा. ते लपवून अर्ज देता येणार नाही.

अनघा जोशी, ६.४९
येते.

ॲड. नेहा पवार, ७.३६
कॅमेरा क्र. १. मंगळवार, रात्री ९.४१. दोन मार्शल, मधे कृष्णा. एका पायात चप्पल नाही. दुसरी चप्पल गेटच्या आत पडलेली दिसते आहे. दोन कॉप्या घेतल्या.

बापट आजोबा, ७.४०
साक्षीदार म्हणून माझी सही घ्यावी. खाली येतो आहे, लिफ्ट थांबवून ठेवा.

अनघा जोशी, ७.५८
पुढे जाऊन बुधवार पहाटेचंही काढलं. २.१० ला एकटा, भिंतीला धरून. गेटपाशी थांबून आधी चप्पल शोधतो आहे. तीही कॉपी घेतली.