ज्युररने 'नाही' वर खूण केली, खरे उत्तर 'होय' होते: निकाल टिकावा का?

पडवीतला दिवा (धागालेखक)

जेफ्री एपस्टीन या धनाढ्याला लैंगिक शोषणासाठी अल्पवयीन मुली मिळवून दिल्याबद्दल त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिला न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २९ डिसेंबर २०२१ रोजी दोषी ठरवण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच ज्युरर (निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांच्या ज्युरीतील सदस्य) क्रमांक ५० याने पत्रकारांना सांगितले, की लहानपणी आपणही लैंगिक अत्याचाराला बळी पडलो होतो आणि तो अनुभव आपण ज्युरीच्या खोलीत इतरांना सांगितला. निवडीच्या वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ४८ वा प्रश्न नेमका याच विषयावर होता आणि त्याने 'नाही' वर खूण केली होती. मार्च २०२२ मध्ये झालेल्या चौकशीत त्याने सांगितले, की फॉर्म आपण घाईत, वरवर चाळून भरला. न्यायाधीश ॲलिसन नेथन यांनी ही चूक हेतुपुरस्सर नसल्याचे मान्य करून नव्याने खटला चालवण्यास नकार दिला आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

मॅक्सवेलबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच खर्च होतील. माझा मुद्दा एवढाच आहे, की ज्युररच्या मनात कपट होते की आळस, याने आरोपीच्या नुकसानीत काय फरक पडतो? बचाव पक्षाला त्या माणसाला पुढचे चार प्रश्न विचारता आले असते, कदाचित कारण न देता नाकारताही आले असते, आणि ही संधी एका चुकीच्या खुणेमुळे कायमची गेली. माझ्या मते उत्तर खोटे होते आणि प्रश्न महत्त्वाचा होता, एवढे सिद्ध झाले की निकाल रद्द व्हावा.

काळा डगला

सहमत नाही. १९८४ च्या 'मॅकडोना पॉवर इक्विपमेंट विरुद्ध ग्रीनवुड' या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर कसोटी घालून दिली आहे. गवत कापण्याच्या यंत्राने जखमी झालेल्या एका लहान मुलाचा तो दावा होता. घरात कोणाला गंभीर, दीर्घकाळ त्रास देणारी दुखापत झाली आहे का, या प्रश्नावर एक ज्युरर गप्प राहिला होता. टायर फुटून त्याच्या मुलाचा पाय मोडला होता, पण मोडलेला पाय त्याच्या लेखी 'तसली' दुखापत नव्हती. न्यायालय म्हणाले, की ज्युरर अप्रामाणिक होता आणि खरे उत्तर मिळाले असते तर त्याला सबळ कारणाने वगळता आले असते, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतील. मॅक्सवेल प्रकरणात खरे उत्तर आले असते तरीही आपण त्या ज्युररला वगळले नसते, असेही न्यायाधीशांनी नोंदवले आहे, ते आपल्या लेखात आलेले नाही.

शिवाय आपली कसोटी लावली तर हरलेला प्रत्येक पक्ष निकालानंतर बाराही जणांच्या घरादाराची झडती घ्यायला निघेल. न्यूयॉर्कमधल्या कर-घोटाळ्याच्या २०११ च्या खटल्यात एका ज्युरर बाईंनी स्वतःची वकिलीची सनद निलंबित असल्याचे आणि गुन्हेगारी नोंद असल्याचे लपवून गृहिणी असल्याची बतावणी केली होती. एका आरोपीच्या वकिलांना इंटरनेटवर शोधताना त्याच नावाची निलंबित वकील सापडली, शंकाही आली, आणि ते मूग गिळून बसले. निकाल विरुद्ध गेल्यावर मात्र सगळे बाहेर आले. हुकमाचा पत्ता असा राखून ठेवण्याला आपण बक्षीस देणार का?

पडवीतला दिवा

वगळले नसते, हे मान्य. ते लेखात यायला हवे होते. पण कर-घोटाळ्याची गोष्ट आपण अर्ध्यावर सोडलीत. त्या खटल्यातील तिघांना २०१२ मध्ये नव्या खटल्याचा हक्क मिळाला आणि गप्प राहिलेल्या वकिलांच्या अशिलालाही २०१५ मध्ये अपिलात मिळाला. फेरखटल्यात एक जण पुन्हा दोषी ठरला, तर एक जण निर्दोष सुटला. म्हणजे कोण बसले आहे याने फरक पडू शकतो.

आणि अप्रामाणिकपणा सिद्ध करायचा तरी कसा? 'वॉर्गर विरुद्ध शॉअर्स' (२०१४) मध्ये निवडीच्या वेळी आपण निष्पक्ष राहू असे सांगितलेल्या ज्युरीच्या प्रमुख बाईंनी चर्चेत आपल्या मुलीच्या हातून झालेल्या जीवघेण्या अपघाताचा दाखला दिला होता. दुसऱ्या ज्युररने तसे प्रतिज्ञापत्रही दिले, पण खोलीतील बोलणे पुरावा म्हणून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले. जिथे खोटे उघडे पडते तीच खोली कुलूपबंद!

एडिसनकर

कायदा मला कळत नाही, पण मी त्या खुर्चीत बसलो आहे. काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीत लुटीच्या एका खटल्यासाठी ज्युरी ड्यूटी आली. हातात छापील प्रश्नांचा कागद, भोवती पन्नासेक अनोळखी माणसे. आपण किंवा घरातील कोणी गुन्ह्याला बळी पडले आहे का, या प्रश्नाला मी 'नाही' म्हटले आणि तेव्हा ते खरेच वाटले.

तिसऱ्या दिवशी फिर्यादी बाई साक्ष देताना स्वतःच्या मानेवर हात ठेवून, साखळी ओढली गेली ती जागा दाखवू लागल्या आणि मला आई आठवली. डोंबिवलीत, रिक्षातून उतरताना तिचे मंगळसूत्र असेच खेचले होते. महिनाभर मानेवर वळ होता. ते 'तिकडचे' होते, म्हणून माझ्या डोक्यातल्या गुन्ह्यांच्या यादीत आलेच नव्हते. आठवल्यानंतर मात्र मी गप्प राहिलो. आरोपी दोषी ठरला. पुरावा भक्कम होता असे मला आजही वाटते, पण मला दुसरे काय वाटणार?

काळा डगला

एडिसनकर, पहिल्या दिवशीचे आपले 'नाही' प्रामाणिकच होते, आणि म्हणूनच मी हेतूचा आग्रह धरतो. तिसऱ्या दिवसानंतरचे मौन मात्र वेगळे. न्यायाधीशांना एक चिठ्ठी पाठवली असती, तर त्यांनी आपल्याला बाजूला बोलावून चार प्रश्न विचारले असते आणि गरज पडती तर आपल्याविना खटला पुढे गेला असता.

पडवीतला दिवा

पण ती चिठ्ठी पाठवायची की नाही, हे ठरवणार तोच ज्युरर. माझा आक्षेप तिथेच आहे.

एडिसनकर

आम्ही चौदा जण होतो. युक्तिवाद संपल्यावर सोडत काढून दोघांना राखीव ठरवले, म्हणजे निकालाच्या चर्चेतून बाजूला ठेवले. माझा क्रमांक निघावा असे मनोमन वाटत होते. निघाला नाही.