फिलिपिनी समलिंगी चित्रपटांतलं घर

फिलिपिनी समलिंगी चित्रपटांत शेवटी मुलाला घराबाहेर काढतात, असं एक मत आहे; ते मला पटत नाही. २००५च्या 'द ब्लॉसमिंग ऑफ मॅक्सिमो ऑलिव्हेरोस'मध्ये मनिलातल्या झोपडपट्टीतला बारा वर्षांचा मॅक्सी बायकी चालतो, आई गेल्यामुळे स्वयंपाकपाणी, कपडे, शिवणटिपण सगळं बघतो. चोऱ्यामाऱ्या करणारे बाप आणि दोन भाऊ त्याला जिवापाड जपतात. संकट वेगळ्याच दिशेनं येतं: त्याचं मन एका प्रामाणिक पोलिसावर जडतं, आणि घर की तो, असा पेच पडतो. लैंगिकतेवरून घरात भांडण नाहीच, म्हणूनच हा पेच इतका खरा वाटतो.

ब्रिलांते मेंडोझांचा 'सेर्बिस' (२००८) बघताना एक संदर्भ हाताशी हवा. फिलिपिन्समध्ये मुस्लिम समाज सोडला तर घटस्फोटाचा कायदा नाही, आणि पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं हा फौजदारी गुन्हा आहे. म्हणून थिएटर चालवणारी फ्लोर नवऱ्यावर खटला भरते, आणि पोटचा मुलगाच बापाच्या बाजूनं साक्ष देतो. त्या थिएटरचं नाव 'फॅमिली', आणि खाली अंधारात पुरुषांचे सौदे चाललेले! रस्त्यावरचा गोंगाट इतका आहे की संवाद बुडतात, तेव्हा सबटायटल्स लावूनच बघा. अनेकजण इथेच कंटाळून उठतात.

अंत्यविधीवरून पेटणारं घर बघायचं तर 'डाय ब्यूटिफुल' (२०१६). नायिका ट्रान्स, म्हणजे मुलगा म्हणून जन्मलेली स्त्री, आहे, पण लेकीला पुरुषाच्या कपड्यांत पुरायला निघालेला बाप विसरता येत नाही.