कप घरी नेल्यावर ग्लेझला तडे जातायत, माती बदलू की भट्टी बघू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशकात आमचा घरचाच पॉटरी स्टुडिओ आहे, खाली काम आणि वर छोटी गॅलरी. सासरे मूळचे जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातले, संक्रांतीची सुगडं, नवरात्रातले घट हे अजून तेच चाकावर करतात, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली कडक भांडी) आणि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत लेप) नवरा बघतो, गॅलरी आणि ऑर्डरी माझ्याकडे.

अडचण कपांची आहे. भट्टी उघडली की कप एकदम चकचकीत, नखाने वाजवला तर खणखणीत, गॅलरीत मांडून ठेवला तरी काही होत नाही, पण गिऱ्हाईकाने घरी नेऊन आठ-पंधरा दिवस चहा प्यायला की आतून केसासारख्या बारीक चिरांचं जाळं येतं आणि त्यात चहा मुरून तपकिरी रेघा दिसायला लागतात. पांढऱ्या ग्लेझवर जास्त, गडद निळ्यावर बहुतेक नुसतं दिसत नसेल.

ग्लेझचा थर पातळ करून झाला, भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय आम्ही उघडत नाही, आणि ग्लेझमध्ये सिलिका थोडी वाढवली. त्याने एक झालं, भट्टीतून काढताना टिण टिण आवाज करत जे तडे जायचे ते थांबले. उशिराचे मात्र थांबेनात. मग मी ग्लेझ न लावलेला भाजलेला तुकडा वजन करून दोन तास पाण्यात उकळला, रात्रभर त्याच पाण्यात ठेवला, सकाळी पुसून परत वजन केलं तर चार टक्क्यांच्या वर पाणी प्यायलेला! स्टोनवेअर दोनेक टक्क्यांच्या आत हवं ना? पाणी मुरलं की माती किंचित फुगते, वरचा ग्लेझ फुगत नाही, तो ताणला जाऊन चिरतो, असं मला तरी वाटतंय.

म्हणजे माती पक्की भाजली जात नाहीये. पण भट्टीचा तापमानाचा मीटर १२२० अंश दाखवतो. सासरे भट्टीच्या भोकातून बघून म्हणतात, "अजून लालीच आहे गं, पिवळी धमक झालेली नाही," आणि नवरा म्हणतो मीटर आहे ना मग डोळ्यावर कशाला जायचं. माती देणाऱ्याचं म्हणणं, मिश्रण तेच आहे. मी आता प्रत्येक कपाच्या बुडाला भट्टीतल्या कुठल्या फळीवर होता ते भाजल्यावरही न पुसणाऱ्या ऑक्साइडच्या पेन्सिलने लिहायला लागलेय, आणि परत आलेले कप जवळपास सगळे खालच्या फळीवरचे निघतायत. आणि मीटरचं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी दांडी, वरच्या बाजूला आहे.

दुसरं, तडे गेलेल्या मालाचं काय करता? मी सगळे कप गॅलरीतून उतरवले आणि ज्यांनी परत आणले त्यांना बदलून दिले. दीर म्हणतात शोपीस म्हणून चिठ्ठी लावून विकू. फुलदाणी असती तर ठीक होतं, पण कप घरी गेला की त्यात कोणीतरी चहा पिणारच, चिरांमध्ये घाण साठते आणि ती घासून निघत नाही. आमच्या नावावर अशी वस्तू कोणाच्या घरात असावी हे मला पटत नाही, यात तुमचा अनुभव काय ते जरूर सांगा.

अपडेट: इथे एकांनी सुचवल्याप्रमाणे कोन ६ (ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा मातीचा छोटा सुळका) दोन्ही फळ्यांवर ठेवून भाजलं. वरचा छान वाकलाय, खालचा सरळ उभा. सासऱ्यांनी तो हातात घेऊन बघितला आणि नवऱ्याकडे दिला, आता नवऱ्यालाही पटलंय. तर आता शेवटच्या तापमानाला वीस मिनिटं धरून ठेवलं तर खालची फळी पोचेल का, की खाली दुसरं थर्मोकपल बसवायलाच हवं? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्यामुळे रात्री उशिरा भट्टी लावायचाही विचार आहे. दिवाळीच्या कपांच्या दोन मोठ्या ऑर्डरी आल्यायत, हे कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाहीये.