मुलांचा विश्वास घडवताना घर आणि मंडळी यांचा मेळ कसा घालायचा?

दिवठणी (प्रश्न)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) संडे स्कूलचं, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाचं काम माझ्याकडे आहे, मुलं ४ ते १५ वयाची. पालक मुलांना वर्गाच्या दारात सोडतात आणि विश्वासाचं शिक्षण तिथेच उरकलं असं धरून चालतात. शिक्षक म्हणतात घरी काहीच होत नाही. पालक म्हणतात, आम्हाला बायबल तेवढं कळत नाही, शिकवणार काय? दोघांचंही खरं आहे. पालकांसाठी आणखी एक शिबिर नको, कारण त्याला येतात ती घरं आधीपासूनच प्रार्थना करणारी असतात. दर आठवड्याला निभेल असं काही सुचवा. घरी काय आणि किती वेळ करावं? मंडळीने पालकांच्या हातात नेमकं काय द्यावं? आणि तेराच्या पुढची मुलं उपासनेत शेवटच्या बाकावर बसून फोन बघतात, त्यांचं काय करायचं?

मोहरीदाणा

आधी हिशेब पाहू. वर्ग तासाभराचा धरला आणि एकही रविवार चुकला नाही, तरी वर्षाचे ५२ तास होतात. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (६:६-७) मुलांना शिकवायच्या वेळा दिल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यातली एकही वेळ संडे स्कूलच्या शिक्षकाच्या हातात नाही. म्हणून वर्ग आणखी चांगला करण्यापेक्षा पालकाला हाताशी धरणं हे मंडळीचं पहिलं काम आहे.

‘आम्हाला येत नाही’ ही तक्रारही जुनीच आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी मंडळ्यांची पाहणी केली तेव्हा लोकांना दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनाही धड येत नसल्याचं त्यांना दिसलं. १५२९ साली त्यांनी ‘लहान प्रश्नोत्तरी’ (विश्वासाची मूळ शिकवण प्रश्न-उत्तरांत देणारी पुस्तिका) काढली आणि कुटुंबप्रमुखाने हे घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं, असं तिच्या भागांच्या मथळ्यांतच घातलं. म्हणजे पालकाच्या तोंडी घालता येईल एवढा आटोपशीर मजकूर त्यांनी तयार करून दिला. तुम्हालाही तेच करायचं आहे, फक्त आठवड्याच्या मापाने.

हातात द्यायचं ते एक पोस्टकार्डाएवढं कार्ड. त्यावर चारच ओळी:
– रविवारी झालेला उतारा, ५ ते १० वचनं, त्याहून जास्त नाही.
– एक प्रश्न, ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येणार नाही. वादळ शांत केल्याचा उतारा (मार्क ४:३५-४१) असेल तर ‘येशू देवाचा पुत्र आहे ना?’ असं विचारू नका. ‘वादळ थांबल्यावर शिष्यांना भीती का वाटली असेल?’ असं विचारा. मुलं उतारा परत वाचायला लागतात.
– एका वाक्याची प्रार्थना.
– पाठांतराचं वचन. लहानांना महिन्याला एक, मोठ्यांना दोन.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे कार्ड नुसतं वाटू नका. वर्गाची शेवटची दहा मिनिटं पालकांना आत बोलवा. शिक्षकाने तो प्रश्न मुलांना त्यांच्यासमोर विचारायचा आणि एका पालकाकडून ती एक ओळ प्रार्थना म्हणून घ्यायची. ज्याने हे एकदा होताना पाहिलं आहे, त्याला मंगळवारी घरी धीर होतो. नुसतं दिलेलं कार्ड बहुतेक वेळा बॅगेतच राहतं. व्हॉट्सॲपवर टाकलेली पीडीएफ दुपारपर्यंत शुभेच्छांच्या संदेशांखाली गडप होते. ग्रुप वापरायचाच असेल तर बुधवारी दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवा, तो लोक काम करता करता ऐकतात.

वेल_आणि_फाटे

घरच्या वेळेबद्दल लिहिते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ३-४ मिनिटं पुरेत: गोष्ट, एक गाण्याचं कडवं, ‘आमेन’. सहा ते नऊ वयाला ७-८ मिनिटं, दहा ते बाराला दहा-पंधरा. कौटुंबिक प्रार्थना मोडते ती बहुधा पहिल्याच आठवड्यात. उत्साहात अर्धा तास होतो, धाकटा पेंगतो, मोठा रागावतो, आणि दुसऱ्या आठवड्यात कुणी विषय काढत नाही. रोजचा संकल्पही सुरुवातीला नको. आठवड्यातले तीन ठरलेले वार धरा, वेळही एखाद्या कायमच्या गोष्टीला जोडलेली असू द्या. जेवण झाल्यावर ताटावरून उठण्याआधी सगळे एकत्र असतात, तीच वेळ सोयीची. चुकलेला वार भरून काढत बसू नका, पुढच्या वारी पुढचा उतारा घ्या.

मार्कचं शुभवर्तमान यासाठी उत्तम आहे. सोळा अध्याय, सुमारे पावणेसातशे वचनं. एका बैठकीला दहा वचनं आणि आठवड्याला तीन बैठका धरल्या तर साधारण सव्वापाच महिन्यांत ते पूर्ण होतं. संडे स्कूलने त्याच महिन्यांत मार्कच घेतलं आणि पाळकांनीही (पास्टरांनीही) अधूनमधून त्यातूनच उपदेश केला, तर एकच गोष्ट मुलाच्या कानावर तीन ठिकाणी पडते. हा मेळ घालायला खर्च काही नाही, फक्त वर्षाच्या सुरुवातीला पाळक आणि शिक्षकांनी एकत्र बसून उतारे ठरवायला हवेत.

पाठांतराचं वचन त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने परत म्हणून घ्या. जो जास्त वचनं म्हणेल त्याला बक्षीस, ही पद्धत मी बंद करायला सांगेन. मूल बक्षिसासाठी घोकतं आणि ते मिळालं की विसरतं, आणि ज्याला वाचायला जड जातं ते मूल वर्गाला यायचंच टाळतं.

दोन गोष्टींना घरात पूर्ण मनाई असावी. शिक्षा म्हणून बायबल वाचायला लावणं, आणि ‘देव बघतोय हं’ म्हणून धाक घालणं. इफिस ६:४ मुलांना चिडीस आणू नका असं बापांनाच सांगतं. उलट आई-बाबांनी स्वतः रागावून बोलल्यावर मुलाची क्षमा मागितली, तर पश्चात्ताप म्हणजे काय हे त्याला धड्याशिवाय कळतं.

साक्षीचे_धोंडे

मोठ्या मुलांच्या प्रश्नाचं मूळ बरेचदा चार-पाच वर्षं आधीचं असतं. मुलाला दर रविवारी उपासनेतून उठवून वर्गात नेलं आणि तेराव्या वर्षी अचानक मोठ्यांच्या बाकावर बसवलं, तर त्याला ना गीतं येतात ना उपासनेचा क्रम. शेवटचा बाक आणि फोन हे त्याचंच फळ. सहाव्या वर्षापासून निदान सुरुवातीचा भाग, म्हणजे गीतं, वाचन, प्रार्थना, आई-वडिलांसोबत होऊ द्या, आणि महिन्यातला एक रविवार पूर्ण उपासना एकत्र. त्या दिवशी लहान मुलं असलेली कुटुंबं पुढे बसवा, मागे नको. मागून मुलाला फक्त पाठी दिसतात, म्हणून चुळबुळ वाढते. उपदेशात काय ऐकायचं आहे ती एक गोष्ट शनिवारी रात्री सांगून ठेवली तरी बराच फरक पडतो.

किशोरांना खरी कामं द्या: शास्त्रवाचन, दान गोळा करणं, ध्वनियंत्रणा, लहानांच्या वर्गात मदत. वाचन देताना उतारा चार दिवस आधी द्या आणि एकदा मोठ्याने वाचून घ्या. सगळ्यांसमोर अडखळलेलं मूल पुन्हा पुढे यायला तयार होत नाही.

त्यांच्या शंकांना ‘असं विचारू नये’ हे उत्तर कधीच देऊ नका. शास्त्रातच शंका घेणारा शिष्य थोमा आहे (योहान २०), स्तोत्र ८८ आहे, जे अंधारातच संपतं, आणि मार्क ९:२४ मधला बाप आहे, जो विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, मिळून शोधू’ म्हणा आणि आठवड्याच्या आत त्या प्रश्नाकडे परत या. परत न येणं हे मुलांच्या पक्कं लक्षात राहतं.

बाप्तिस्मा किंवा दृढीकरणासाठी (मोठं होताना मंडळीसमोर स्वतःचा विश्वास कबूल करण्याच्या विधीसाठी) वर्गात सगळ्यांचे हात एकदम वर करवून घेऊ नका. मुलं शेजाऱ्याचा हात बघून हात वर करतात. एकेकट्याशी, पालकांसोबत बसून बोला.

दिवठणी

मनापासून आभार. कार्ड आणि शेवटची दहा मिनिटं लगेच सुरू करता येतील. एक राहिलं: काही घरांत आई एकटीच विश्वासणारी आहे, काही ठिकाणी वडील नाहीत. ‘आई-बाबा दोघांनी मिळून’ म्हटलं की ती मुलं खाली बघतात.

मोहरीदाणा

मग कार्डावर ‘घरातलं मोठं माणूस’ असं लिहा. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचे वडील ग्रीक होते (प्रेषितांची कृत्ये १६:१), आणि पौल त्याच्या घरच्या ज्या विश्वासाची आठवण करतो तो आजी लोईस आणि आई युनीके यांचा (२ तीमथ्य १:५). त्या घरातही काम झालंच. अशा आईला सल्ल्याआधी सोबत द्या. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने आठवड्यातली एक प्रार्थना तिच्या घरी, किंवा तिला आणि मुलांना आपल्याकडे बोलावून करावी. घरातल्या दुसऱ्या माणसाचा विरोध असेल तर कार्ड बाजूला ठेवा, निजतानाची एक ओळ प्रार्थना पुरे. त्यावरून घरात भांडण पेटू देऊ नका आणि मुलाला लपवाछपवी करायला लावू नका.

साक्षीचे_धोंडे

यात एक भर. प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारी, आई-वडिलांखेरीज दोन-तीन मोठी माणसं मंडळीत असावीत. ही नावं यादी करून ठरवा, आपोआप होईल म्हणून सोडलं तर बुजरी मुलं नेमकी वगळली जातात. पण या ओळखीला नियम हवेतच. वर्गात कायम दोन मोठी माणसं, तीही एकाच घरातली नकोत. दार उघडं किंवा काचेचं. मुलाशी फोनवर खासगी गप्पा नाहीत, संदेश पाठवायचाच तर पालक त्या ग्रुपमध्ये हवेत. लहान मुलाला नोंदवलेल्या माणसाच्याच ताब्यात द्यायचं, ओळखीचा चेहरा असला तरी. नवीन शिक्षकाला लगेच वर्ग देऊ नका, आधी काही महिने मंडळीत राहू द्या आणि चौकशी करा. हे नियम छापून दारावर लावा, म्हणजे शिक्षकांनाही कुणाला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं.